फक्त आकडा सांगा

८ जानेवारी

प्रिय खारू,

आपल्या आकडेवारी योजनेचं नूतनीकरण काल संपलं. बेचाळीस ग्रंथालयांपैकी एकेचाळिसांची शपथपत्रं वेळेत आली. बेचाळिसावा ग्रंथपाल माझा सख्खा भाऊ. तुला ऑफिसच्या ईमेलवर तीन स्मरणपत्रं गेली आहेत. चौथं पाठवायला मला लाज वाटते, कारण तू कोण हे इथे सगळ्यांना माहीत आहे आणि सगळे गालातल्या गालात हसतात.

परवा नव्या ग्रंथपालांचं प्रशिक्षण झालं. अठरा वर्षं तीच टकळी चालवते आहे. एकेकट्या कॉलेजला सांख्यिकी खातं दारात उभं करत नाही, म्हणून आपण सगळ्यांनी मिळून करार केला आहे. घरोघर जाऊन विचारलेली उत्तरं आपल्याला मिळतात, नावगाव काढून. अभ्यासकाने ती ग्रंथालयाच्या बंद खोलीत बसून वाचायची. बेरजा कर, टक्के काढ, पण माणूस शोधायचा नाही. एकाने शोधला तर बेचाळीस दारं बंद होऊ शकतात. एका तरुण ग्रंथपालाने विचारलं, मॅडम, चुकून ओळखीचं कोणी सापडलं तर? मी म्हटलं, चुकून कोणी सापडत नाही, शोधावं लागतं.

पुढच्या महिन्यात आईला जाऊन वर्ष होईल. मला यायला जमेल असं वाटत नाही, त्याच आठवड्यात खात्याबरोबर बैठक आहे. तिच्या शिलाई मशीनचं काय केलंस? पाठदुखीचं मागे विचारलं होतं, त्याला तू ९८ दिलंस.

ऑफिसचं ईमेलवर आणि घरचं कागदावर, हा आईचा नियम. तिला ईमेल उघडता येत नव्हता, तरी नियम तिचाच. म्हणून हे पत्र.

ताई


२१ जानेवारी

ताई, नमस्कार.

शपथपत्र पाठवलं. उशीर झाला कारण कॉलेजचा शिक्का ज्या कपाटात, त्याची किल्ली ज्यांच्याकडे, ते रजेवर होते. तू तिथे बसून उंटावरून शेळ्या हाकतेस. इथे शेळीलाच उंट शोधत फिरावं लागतं.

तुझ्या संकेतपुस्तिकेने आमचं घर बिघडवलं आहे. ९७ म्हणजे ‘माहीत नाही’ आणि ९८ म्हणजे ‘सांगायचं नाही’, हे बायकोलाही पाठ झालंय. परवा विचारलं, माझा चष्मा कुठे आहे, तर स्वयंपाकघरातून आवाज आला, सत्त्याण्णव. पाठ बरी आहे. हे खरं उत्तर.

मशीन खिडकीशी आहे तसंच आहे. विकवत नाही. शेवटचे सहा महिने आई त्याच्याशीच बसून असायची. समोर कोण उभं आहे ते कळायचं नाही, पण सुईत दोरा पहिल्या झटक्यात जायचा. काहीबाही शिवत राहायची. मी वाटी घेऊन शेजारी बसायचो आणि दोन टाक्यांमध्ये एक घास भरवायचो. तिने शिवलेल्याचं एक गाठोडं आहे, ते मी अजून सोडलेलं नाही. तुला पाठवू का?

एक गंमत सांगतो. जुन्या कुटुंब पाहणीची तिसरी फेरी तुमच्याकडून परवा आली. आमच्या अर्थशास्त्राच्या बाई आठ महिने तिच्यासाठी डोळे लावून बसल्या होत्या. घरात बसून काम करणाऱ्या बायकांवर त्यांचा प्रबंध आहे. तिसरी फेरी म्हणजे मी सात वर्षांचा. करड्या पिशवीवाल्या बाई आपल्याकडे प्रश्न विचारायला आल्या होत्या, ती. आईने आपल्याला बाहेर काढून दार लावून घेतलं होतं. मी पायरीवर बसून त्या बाईंच्या चपला घालून बघत होतो. तू कुठे होतीस ते आठवत नाही.

म्हणजे आई माझ्या बंद खोलीत येऊन बसली आहे, असं म्हणायला हरकत नाही.

खारू


२७ जानेवारी

प्रिय खारू,

गाठोडं तुझ्याकडेच राहू दे. मला काही नको. मशीनही तूच ठेव.

तिसऱ्या फेरीबद्दल तू गमतीने लिहिलंस, मी गमतीने घेत नाही. त्या फायलीत आपलं घर आहे हे तुला माहीत आहे आणि मलाही. बाईंना फाईल उघडून दे, संकेतपुस्तिका दे, आणि तू खोलीबाहेर बस. चाळण्या लावून बघायचा मोह होईल. तुझा स्वभाव मला माहीत आहे. लहानपणी रिकाम्या काड्यापेट्यासुद्धा उघडून बघायचास, म्हणून तर खारू.

हे मी योजनेची प्रमुख म्हणून लिहीत नाही. तसं असतं तर ईमेल केला असता. तुझ्या बहिणीची विनंती समज. आई नेहमी हातचं राखून बोलायची. जे तिने दार लावून सांगितलं ते आपल्यासाठी नव्हतं.

ताई


२२ फेब्रुवारी

ताई,

मी बघितलं.

काल आईला वर्ष झालं. तू आली नाहीस. कॉलेजला सुट्टी होती, बाई येणार नव्हत्या, आणि बंद खोलीची किल्ली माझ्याच खिशात असते. मला तिच्याजवळ बसावंसं वाटलं. फोटोजवळ बसून काही होत नाही. तिने स्वतःच्या तोंडाने काहीतरी सांगितलेलं, माझ्या माहितीत तेवढं एकच शिल्लक होतं.

अवघड गेलं नाही. विधवा, घरी शिवणकाम, दोन खोल्या. तीनशे आठ बायका उरल्या. दोन मुलं, थोरली मुलगी, धाकटा मुलगा. एकतीस. दोघांत नऊ वर्षांचं अंतर. एक.

आधी खूप बरं वाटलं. दिवसाचे तास किती काम करता, अकरा. झोप किती, पाच. शाळा किती शिकलात, चार. मी हसलोसुद्धा, कारण आपल्याला ती सात सांगायची. मग एकशे बारावा प्रश्न आला. तुला तो पाठ असेल. ‘पुन्हा पहिल्यापासून ठरवता आलं असतं, तर तुम्हाला एकूण किती मुलं हवी होती?’

उत्तर आहे १.

मी संकेतपुस्तिका उघडली. म्हटलं, १ म्हणजे दुसरंच काही असेल. नाही. १ म्हणजे एकच.

नऊ वर्षांनी झालेलं मूल, आणि ते सहा महिन्यांचं असताना बाबा गेले. हिशेब करायला मला पाहणी लागत नाही. तिची मुलगी मोठी झाली होती, हाताशी आली होती, आणि मग मी. माझं रडणं, माझे ताप. तिने कधी दाखवलं नाही, हे खरं. पण तू वाचायला हवं होतंस, ताई, किती सरळ लिहिलंय. ९८ सुद्धा नाही म्हणाली.

मी तिला सहा महिने भरवलं. एकदाही कंटाळा केला नाही. आणि त्या प्रत्येक घासाला तिच्या आत कुठेतरी ते उत्तर होतं. रात्री बायकोने विचारलं, काय झालं, मी डोकं दुखतंय म्हणालो. तुला सांगतो आहे, कारण तुझ्याशिवाय हा प्रश्न कोणाला कळणार.

तू फक्त एवढं लिही की तुला काय वाटतं. ती खरंच तसं म्हणाली असेल का?

खारू


१ मार्च

(या पाकिटात दोन कागद आहेत. छापलेला आधी वाच.)

मा. ग्रंथपाल यांस,

योजनेच्या शपथपत्रातील कलम चारनुसार, आपल्या संस्थेच्या बंद खोलीत एका नोंदीमागील व्यक्ती शोधण्याचा प्रयत्न झाल्याची माहिती या कार्यालयास मिळाली आहे. संपर्क-ग्रंथपाल म्हणून आपली नियुक्ती आजपासून रद्द करण्यात येत असून आपल्या ग्रंथालयाचा आकडेवारी-प्रवेश एक वर्षासाठी स्थगित राहील. खोलीची किल्ली व मूळ शपथपत्र पोचपावतीसह परत करावे. सांख्यिकी खात्यास तसे कळवण्यात आले आहे.

आपली विश्वासू,
योजना प्रमुख

खारू,

तू म्हणशील, घरच्या पत्रात लिहिलं ते ऑफिसात नेलंस. हो, नेलं. चार दिवस ते पत्र पर्समध्ये घेऊन फिरले. मग वाटलं, दुसऱ्या कोणाच्या भावाने हे केलं असतं तर मी चार तास थांबले नसते. त्या फायलीत नऊ हजार घरं आहेत. प्रत्येक घरात कोणीतरी दार लावून काहीतरी सांगितलं आहे, माझ्यासारख्या बाईच्या भरवशावर.

तुमच्या बाईंची सोय शेजारच्या सभासद कॉलेजात केली आहे. बसने दोन तास पडतात, पण काम थांबणार नाही. त्यांचा काही दोष नाही.

आता तुझ्या प्रश्नाचं. हे खात्याने उघड छापलेलं आहे, म्हणून सांगते. फाईल खुली करण्याआधी खातं काही घरांची काही उत्तरं मिळत्याजुळत्या घरांशी बदलून टाकतं, कोणी शोधलं तरी फसावं म्हणून. कोणाची बदलली ते मलाही कळवत नाहीत. तेव्हा ते १ आईचंच असेल असं नाही. दुसऱ्या कुठल्या बाईचं दुःख तू आपल्या आईच्या नावावर घेऊन बसला असशील. एवढंच धरून चाल.

ताई


९ मार्च

योजना प्रमुख यांस,

किल्ली आणि शपथपत्र सोबत आहेत. पोचपावती पाठवावी.

घरच्या कागदाचं उत्तर : मी विचारलं होतं की तुला काय वाटतं. तू नियमावली पाठवलीस. ताकास तूर लागू द्यायची नाही, ही कला तुला आईकडून मिळाली. मला बहुतेक काहीच मिळालं नाही.

पुढच्या सगळ्या प्रश्नांना ९८.

खारू


२० जुलै

प्रिय खारू,

मार्चपासून तीन पत्रं टाकली. एकाचं उत्तर नाही. परवा तुझ्या बायकोला फोन केला. ती बिचारी चोरून बोलत होती. म्हणाली, जेवताना बोलत नाहीत, आईंचा फोटो भिंतीवरून काढून कपाटात ठेवला, उलटा. मशीनवर चादर टाकली.

फोटो परत लाव. का लावायचा ते सांगते.

तिसऱ्या फेरीच्या दिवशी मी कुठे होते ते तुला आठवत नाही, असं तू लिहिलं होतंस. मी आतल्या खोलीत होते, पडद्यामागे. काजं करत होते. नऊ वर्षांची असल्यापासून काजं आणि बटणं माझ्याकडे होती, तुला ठाऊक आहे. त्या दिवशी बारा सदरे सकाळपर्यंत द्यायचे होते. आईने तुला बाहेर काढलं आणि मी तुझ्याबरोबर गेले असं समजून दार लावलं. मी आत आहे हे तिच्या लक्षात आलं नाही. सतत कामाला असलेलं माणूस घरात दिसेनासं होतं.

मी सोळा वर्षांची होते. सगळे प्रश्न ऐकले. एकशे बारावा आला. आई मशीनचं चाक हाताने फिरवत राहिली, त्याचा आवाज येत होता. मग म्हणाली, ‘‘एक.’’ आणि पुढे म्हणाली, ‘‘धाकटा. थोरलीला उगाच आणलं मी.’’

त्या बाई म्हणाल्या, ‘‘असं नको, फक्त आकडा सांगा.’’ आणि त्यांनी १ लिहिला. कुठला एक, हे लिहायला कागदावर जागा नव्हती.

तो एक तू आहेस, खारू. नको होती ती मी.

मी काजं पुरी केली. बारा सदरे, एकेकाला सात. आईला कधी विचारलं नाही. अठराव्या वर्षी हॉस्टेलला गेले ती पुन्हा त्या घरात राहायला आले नाही. तुम्हाला वाटलं, ही फार हुशार, हिला करिअर करायचंय. आई शेवटी आजारी पडली तेव्हा दरवेळी माझी बैठक निघाली. कालपर्यंत त्या बैठकांबद्दल मी स्वतःशीही खोटं बोलत होते. मला भीती वाटायची की तिला आता कोण समोर आहे ते कळत नाही, आणि ती ते वाक्य माझ्या तोंडावर पुन्हा म्हणेल.

मार्चमध्ये मी तुला अदलाबदलीचं लिहिलं ते खरं होतं, पण ती पळवाट होती. तुला खरं सांगायचं तर ‘हो, ती ओळ आईची आहे’ असं म्हणावं लागणार होतं. सापडलेल्या नोंदीला योजनेच्या माणसाने दुजोरा देणं हे कलम पाच. ते शोधण्यापेक्षा मोठं. आता दिला आहे. काल मी खात्याला माझ्या सहीने तसं कळवलं. मला योजनेवरून काढतील, आणि ते बरोबर होईल. बेचाळीस ग्रंथालयं दुसरं कोणीतरी सांभाळेल. पुस्तिका मी नीट लिहून ठेवली आहे.

अठरा वर्षं लोकांना सांगत आले की आकड्यामागचं माणूस शोधू नका. मी मात्र पडद्यामागून एक ऐकलं होतं आणि तेच धरून बसले होते.

तू तिला भरवलंस. जो हवा होता, त्यानेच भरवलं. फोटो लाव.

ताई


६ ऑगस्ट

ताई,

फोटो लावला. पत्र वाचून झाल्यावर लगेच नाही लावता आला. आधी बराच वेळ जिन्यात बसलो होतो. बायको शेजारी येऊन बसली. तिला सगळं वाचून दाखवलं, ती तुझ्यासाठी रडली.

मी तिला नको होतो म्हणून पाच महिने रुसून बसलो. तू तीस वर्षं बसलीस आणि रुसलीसुद्धा नाहीस. तू नियमावली पाठवलीस असं म्हणालो, ते परत घेतो.

गेल्या आठवड्यात आमच्याकडे पाहणीवाले आले होते. आता मूळ घरातल्या मुलांकडेही जातात म्हणे, नवी फेरी सुरू झाली आहे. तरुण माणूस होता, हातात टॅब. एक प्रश्न होता, अडचणीत सापडलात तर पहिल्यांदा कोणाकडे जाल? मी म्हटलं, बहिणीकडे. तो म्हणाला, बहिणीला चार नंबर आहे. ते चार दोन वर्षांनी त्या फायलीत येईल. तू तिथे नसशील, आणि असतीस तरी शोधलं नसतंस. म्हणून कागदावर लिहून ठेवतो.

तुझं पत्र आल्यावर मी गाठोडं सोडलं.

सात फ्रॉक आहेत. सगळे एकाच मापाचे, नऊ वर्षांच्या मुलीला होतील असे. मला वाटायचं, डोकं गेलंय, हाताला सवय आहे म्हणून शिवते. घाईघाईत शिवायची. मी घास पुढे केला की म्हणायची, ‘‘थांब रे, ती बाहेर खेळायला गेलीय. ती यायच्या आत उरकते, नाही तर येऊन काजं करत बसेल.’’ रोज म्हणायची. कोण ती, हे मी कधी विचारलं नाही. शेजारची एखादी मुलगी असेल म्हणून सोडून दिलं. तुला फोनवर सांगितलंही नाही, उगाच वाईट वाटेल म्हणून.

त्या बाईंनी आईला वाक्य पुरं करू द्यायला हवं होतं, ताई. उगाच आणलं, आणि कामाला लावलं, असं काहीतरी ती म्हणाली असती. मला खात्री आहे. विचारायला आता कोणी नाही, पण फ्रॉक आहेत.

काजं तिने स्वतः केली आहेत. मी मोजली, एकेका फ्रॉकला पाच. वेडीवाकडी आहेत, तिला काजं कधीच जमली नाहीत, म्हणून तर ती तुझ्याकडे होती. काही ठिकाणी उसवून पुन्हा केली आहेत.

सातही या पार्सलमध्ये पाठवतो आहे. बटणं राहिली होती. ती मी लावली. तुला काही करायचं नाही.

खारू